टॅक्सीचं भाडं गेलं कुठं?

राज कपूरची जन्मशताब्दी थाटात झाली. ‘आवारा’ पुन्हा मोठ्या पडद्यावर आला, कपूर मंडळी पंतप्रधानांना भेटून आली. छानच झालं. पण त्याच ‘आवारा’त लहानपणीचा राज रंगवणारा धाकटा भाऊ शशी या सोहळ्यात मागंच राहिला.

सत्तरच्या दशकात शशी कपूर दिवसाला अनेक शिफ्टा करायचा. ‘सत्यम् शिवम् सुंदरम्’साठी त्याच्या तारखा मिळेनात, तेव्हा राजनं त्याला ‘टॅक्सी’ म्हटलं. हा किस्सा सगळ्यांना पाठ आहे. त्या टॅक्सीच्या भाड्याचं काय झालं, हे क्वचितच कुणी सांगतं.

त्यातलं बरंचसं गेलं स्वतःच्या निर्मितीत. 1978 मध्ये श्याम बेनेगलांचा ‘जुनून’, 1981 मध्ये त्यांचाच ‘कलयुग’ आणि अपर्णा सेनचा पहिला चित्रपट ‘36 चौरंगी लेन’, 1982 मध्ये गोविंद निहलानींचा ‘विजेता’. राष्ट्रीय पुरस्कार आले, गल्ला मात्र भरला नाही. ‘विजेता’ची पटकथा होती आपल्या दिलीप चित्र्यांची. 1984 मध्ये गिरीश कार्नाडांचा ‘उत्सव’ आला. तो ‘मृच्छकटिका’वरच बेतलेला; देवलांच्या ‘मृच्छकटिका’वर पोसलेल्या मराठी रसिकाला त्यातला खलनायक शकार नवा नाही. ती भूमिका अमिताभ करणार होता. ‘कुली’च्या चित्रीकरणात त्याला झालेल्या अपघातानंतर ती शशीनं स्वतःच केली. एके काळचा देखणा नायक सुटलेलं पोट मिरवत पडद्यावर आला. चित्रपटानं मात्र त्याला चांगलंच बुडवलं.

याला कुणी व्यवहारशून्यता म्हणेल. मला तो संस्कार वाटतो. वडील पृथ्वीराज नाटक घेऊन गावोगाव फिरले. शशी स्वतः सासरे जेफ्री केंडल यांच्या ‘शेक्सपिअराना’ या फिरत्या कंपनीत घडला. पैसा सिनेमात मिळवायचा आणि नाटकात घालायचा, हे त्या घरात नवं नव्हतं.

त्याचं सर्वांत टिकाऊ काम जुहूत आहे. पत्नी जेनिफरसोबत त्यानं उभारलेलं पृथ्वी थिएटर नोव्हेंबर 1978 मध्ये उघडलं, ते गो. पु. देशपांड्यांच्या ‘उद्ध्वस्त धर्मशाळा’च्या हिंदी प्रयोगानं. जेमतेम दोनशे खुर्च्या, तिन्ही बाजूंनी प्रेक्षक. नटाचा श्वासही ऐकू येतो. राजचा चेंबूरचा आर. के. स्टुडिओ 2019 मध्ये विकला गेला. पृथ्वी अजून चालू आहे.

शशीला 2014 चा फाळके पुरस्कार मिळाला, 2017 मध्ये तो गेला. घराण्याच्या नावावर निर्माते झालेल्या आजच्या मंडळींनी एकदा जुहूला जावं आणि तिकीट काढून नाटक बघावं.