जमिनीत राहिलेला धोका



ऑक्टोबर 2025 मध्ये माओवादी नेता भूपती याने साठ साथीदारांसह गडचिरोलीत शस्त्रे खाली ठेवली, तेव्हा अहेरीतील आमच्या उपासनेत आभाराची प्रार्थना झाली. आपणही अनेक वर्षे या शांतीसाठी प्रार्थना करीत आला आहात. पण माणसे जंगलातून बाहेर आली, तरी रस्त्यांखाली आणि पायवाटांवर पुरलेली सर्व स्फोटके बाहेर आली असे समजू नये.

भूसुरुंगांनी या जिल्ह्यात किती बळी घेतले ते आपण जाणता. मार्च 2012 मध्ये धानोरा तालुक्यात 12 जवान, मे 2014 मध्ये चामोर्शी तालुक्यात 7 पोलीस आणि 1 मे 2019 रोजी कुरखेड्याजवळ जांभुळखेडा येथे 15 पोलीस व त्यांचा वाहनचालक. ते सुरुंग गाड्या आणि जवानांसाठी होते. मागे राहिलेल्या सुरुंगावर पाय मात्र कोणाचाही पडू शकतो. लाओसमधील बॉम्बवर्षाव 1973 साली थांबला. तिथे आजही शेतात न फुटलेले बॉम्ब सापडतात आणि माणसे दगावतात.

ही स्फोटके बहुधा स्टीलचा डबा, कुकर किंवा पाइपमध्ये भरलेली असतात. जुनी झाली म्हणजे निकामी झाली, हा समज चुकीचा आहे. डबा गंजतो, वायरचे आवरण झिजते, पण आतील डेटोनेटर जिवंत राहू शकतो. कधी तो अधिक नाजूक होतो आणि नुसत्या धक्क्यानेही उडतो. दारूतील रसायने मातीत झिरपतात. जिथे मोठा साठा पुरलेला असेल, तिथे जवळच्या विहिरीचे पाणीही बिघडू शकते.

आपल्या लोकांना मार्च-एप्रिलमध्ये विशेष धोका आहे. मोहफुले नीट दिसावीत म्हणून झाडाखालचा पाला जाळतात. त्या आगीखाली काही पुरलेले असेल तर? मे महिन्यात तेंदूपत्त्यासाठी बायका-मुले पहाटेच जंगलात शिरतात. शिवाय भंगाराचा मोह आहेच. 20 नोव्हेंबर 2018 रोजी वर्धा जिल्ह्यात पुलगावजवळ जुना दारूगोळा नष्ट करण्याच्या कामात स्फोट होऊन सहा जण गेले. त्यांत आसपासच्या गावांतले मजूर होते. जाणकारांच्या देखरेखीखाली असे घडते, तर घरी आणलेल्या डब्याचे काय सांगावे?

म्हणून आम्ही गोटुलात आणि शाळेत चारच गोष्टी सांगतो. अनोळखी डबा किंवा वायर दिसली तर हात लावू नका, ओढू नका, दगड मारू नका. आल्या पावलांनीच मागे फिरा. लांबून खूण करा व इतरांना अडवा. पोलीस पाटलाला किंवा 112 क्रमांकावर कळवा. बॉम्बशोधक पथक येईपर्यंत जवळ जाऊ नका.

पहिल्या तीन गोष्टी लोकांना लगेच पटतात. चौथीपाशी गाडी अडते. एका बैठकीत एक आई म्हणाली, "भाऊ, सांगायला गेलो तर 'तुला कसं माहीत?' असं विचारतील. आणि रात्री दुसरे येऊन 'तूच का सांगितलं?' म्हणतील." मला उत्तर सुचले नाही. दोन्हीकडची भीती या लोकांनी चाळीसहून अधिक वर्षे सोसली आहे. ती एका भाषणाने कशी जाणार?

त्यानंतर आम्ही ठरवले की कोणालाही एकटे पाठवायचे नाही. वस्तू दिसली की आधी ग्रामसभेत सांगायचे, मग गावातले चार-पाच जण आणि आमच्यापैकी एक, असे मिळून ठाण्यात जायचे. म्हणजे खबर एकाची राहत नाही, गावाची होते.

मोहाचा हंगाम जवळ आला आहे. माडिया भाषेतील चित्रफलकांसाठी आपल्या दानाचा उपयोग होईल. आणि प्रार्थनेत त्या आईची आठवण ठेवा. तिची मुलेही टोपल्या घेऊन तिच्या मागे चालत असतात.