एइशिश्केस : एका लुप्त ज्यू समाजाच्या इतिहासाची दोन साधने

प्रस्तावना : एखादा समाज समूळ नष्ट झाल्यावर त्याचा इतिहास कोणत्या साधनांच्या आधारे लिहावयाचा, हा इतिहासलेखनातील एक मूलभूत प्रश्न होय. लिथुआनियातील, बेलारूसच्या सीमेलगतचे एइशिश्केस हे लहानसे शहर या दृष्टीने अभ्यसनीय ठरते. यिद्दिश भाषेत त्यास एशिशोक म्हणत. तेथे ज्यूंची वस्ती कित्येक शतकांची होती. आठवडी बाजार हा त्यांच्या अर्थव्यवहाराचा कणा होता, तर तालमूदच्या अध्ययनासाठी दूरदूरहून येणाऱ्या विद्यार्थ्यांचा योगक्षेम नगरवासी चालवीत.

मारेकऱ्यांचा दस्तऐवज : जून १९४१ मध्ये जर्मनीने सोव्हिएत संघावर आक्रमण केले. २५ व २६ सप्टेंबर १९४१ रोजी एइशिश्केस व परिसरातील ज्यूंना गोळ्या घालून ठार करण्यात आले. या हत्याकांडात स्थानिक लिथुआनियन सहायकही सामील होते. नाझी अधिकारी कार्ल येगर याच्या १ डिसेंबर १९४१ च्या अहवालात ९८९ पुरुष, १,६३६ स्त्रिया व ८२१ मुले, एकूण ३,४४६, अशी नोंद आढळते. त्यात एकाही मृताचे नाव नाही.

कौटुंबिक छायाचित्रे : बालपणी या संहारातून वाचलेल्या इतिहासकार याफा एलियाख यांनी दुसरे साधन उभे केले. त्यांचे आजी-आजोबा तेथील छायाचित्रकार होते. परदेशी स्थायिक झालेल्या आप्तेष्टांना धाडलेली छायाचित्रे शहराबाहेर असल्यामुळेच बचावली. एलियाख यांनी देशोदेशींच्या कुटुंबांकडून अशी सुमारे ६,००० छायाचित्रे मिळविली. त्यांपैकी सुमारे एक हजार छायाचित्रांचा मनोरा १९९३ साली वॉशिंग्टन येथील होलोकॉस्ट स्मारक संग्रहालयात उभा राहिला. विवाह, सहली, शाळेतील वर्ग असे नित्याचे जीवन त्यांत दिसते.

समारोप : अहवाल मृत्यूची गणना करतो, तर छायाचित्रे जीवनाची साक्ष देतात. तथापि छायाचित्रांनाही मर्यादा आहेत. ज्यांचे कोणी परदेशी नव्हते वा ज्यांना छायाचित्राचा खर्च परवडत नव्हता, ते त्यांत क्वचितच येतात. म्हणून दोन्ही साधने एकत्र वाचणे अगत्याचे ठरते. केवळ अहवालावर विसंबल्यास मारेकऱ्यांनी केलेली मोजदाद हाच त्या समाजाचा इतिहास होऊन बसेल; केवळ छायाचित्रे पाहिल्यास चित्रात न आलेल्यांचे दुसऱ्यांदा विस्मरण घडेल.