वायुमापकाची साक्ष

जिवंत पेशी शरीराबाहेर वाढवावयाच्या असल्या, तर त्यांना शरीरासारखेंच वातावरण द्यावें लागतें. प्रयोगशाळेंत हें काम इन्क्युबेटर नांवाची उबदार पेटी करते. ३७ अंश सेल्सिअस तपमान, भरपूर ओलावा आणि हवेंत सुमारें ५ टक्के कार्बन डाय-ऑक्साइड, हीं तिचीं तीन अंगें होत. बाहेरच्या हवेंत हा वायु अवघा ०.०४ टक्के असतो. म्हणून तो सिलिंडरमधून सोडावा लागतो.

या वायूचें प्रयोजन काय? पेशींच्या पोषक द्रवांत सोडियम बायकार्बोनेट असतें. तें व हा वायु यांच्या समतोलानें द्रवाचा पीएच ७.४ च्या आसपास राहतो. वायु कमी पडला कीं द्रव अल्कधर्मी होतो, वाढला कीं आम्लधर्मी. वायूचें प्रमाण दुप्पट झाल्यास पीएच सुमारें ०.३ नें उतरतो. पेशींना एवढा फरकही जाचतो. शरीराबाहेर गर्भधारणा घडविणाऱ्या प्रयोगशाळांत मानवी गर्भ आरंभींचे कांहीं दिवस अशाच पेटींत काढतो. १९८६ सालीं मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयांत या उपचारानें बालिका जन्मास आली. त्यानंतर कित्येक घरांची आशा अशा पेट्यांवर विसंबत आली आहे.

पेटींतील वायु किती, हें संवेदक ओळखतो आणि त्याच्या सांगण्यावरून झडप उघडते वा मिटते. खरी मेख येथेंच आहे. संवेदक चुकला तरी दर्शनी भागावर ५ हाच आंकडा दिसत राहतो; कारण संवेदकाला ५ भासेपर्यंतच वायु सोडला जातो. धोक्याची घंटा वाजत नाहीं, आणि आंत पेशी निमूटपणें खंगतात.

संवेदक चुकतो तरी कसा? एक जात वायूची उष्णतावाहकता मोजते. कार्बन डाय-ऑक्साइड हवेपेक्षां उष्णता कमी वाहून नेतो, हें तिचें मर्म. परंतु ओलावा बदलतांच ती फसते. म्हणून दार उघडल्यानंतर कांहीं वेळ तिच्यावर विसंबूं नये. दुसरी जात अवरक्त किरणांवर चालते. सुमारें ४.२६ मायक्रॉन लांबीच्या लहरी हा वायु शोषून घेतो. ओलाव्याचा तिला फारसा उपद्रव नाहीं. पण दिवा मंदावला किंवा कांच मळली, तर साध्या रचनेच्या संवेदकास वायु अधिक भासतो आणि झडप अकालीं मिटते. कित्येक पेट्यांत नायट्रोजन सोडून प्राणवायु ५ टक्क्यांवर आणतात. तेथील विद्युत्-रासायनिक संवेदक विजेरीच्या सेलप्रमाणें झिजतो, कमी आंकडा दाखवूं लागतो. मग नायट्रोजन लौकर थांबतो आणि प्राणवायु वाजवीपेक्षां जास्त राहतो.

व्यापाऱ्याचीं वजनें जशीं सरकारी प्रमाणाशीं ताडून पाहतात, तसाच संवेदकही बाहेरच्या साक्षीदाराशीं ताडून पाहावा लागतो. प्रथम तळाच्या थाळींत निर्जंतुक ऊर्ध्वपातित पाणी भरावें आणि दार मिटून तपमान व ओलावा स्थिर होऊं द्यावा. मग नमुन्याच्या छिद्रांतून स्वतंत्र वायुमापकानें दोन-तीन वेळां मोजणी करावी. दोन्ही आंकड्यांत निर्मात्यानें सांगितलेल्या मर्यादेपेक्षां अधिक अंतर असल्यास संवेदक जुळवावा. हा वायुमापकही प्रमाणित मिश्रणाच्या सिलिंडरवर पारखलेला असावा. नाहीं तर एक चूक दुसरीस साक्ष देईल. प्राणवायूच्या संवेदकाची प्राथमिक परीक्षा सोपी आहे: बाहेरच्या कोरड्या हवेंत त्यानें २०.९ टक्के दाखविलें पाहिजे.

स्थळाचाही विचार हवा. पुणें समुद्रसपाटीपासून सुमारें ५६० मीटर उंच असल्यानें तेथें हवेचा दाब मुंबईपेक्षां सुमारें ६ टक्के कमी असतो. दाबाची दुरुस्ती नसलेला, मुंबईस जुळविलेला संवेदक पुण्यास ५ टक्के वायूला सुमारें ४.७ म्हणेल. म्हणून पेटी जेथें ठेवावयाची, तेथेंच ती जुळवावी.

प्रत्येक मोजणी तारखेसह वहींत नोंदवावी. एका दिवसाचा आंकडा थोडेंच सांगतो. महिन्यामागून महिना लिहिलेले आंकडे मात्र संवेदक कोणत्या दिशेनें ढळत आहे, हें पेशींना इजा होण्यापूर्वींच दाखवून देतात.