भालकी, औराद आणि पायथॉनचा ‘ळ’

बीदर जिल्ह्यातले, मराठी सहज कानावर पडणारे तालुके पायथॉन या संगणकभाषेतल्या यादीत घाला: भालकी, हुमनाबाद, औराद, बसवकल्याण, कमलनगर. यादीला ‘सॉर्ट’ सांगितलं की औराद पुढे, हुमनाबाद शेवटी! लूप लिहायची कटकट नाही. टिम पीटर्स यांनी २००२ मध्ये रचलेली ही पद्धत आधीच क्रमात असलेले तुकडे हेरून जुळवते, म्हणून ती झपाट्याने चालते.

गोची मराठीतच होते. पायथॉन युनिकोडचे क्रमांक पाहतो आणि तिथे ‘ळ’ चक्क ‘व’च्या आधी बसलाय. त्यामुळे ‘काळा’ आधी, ‘कावळा’ मागून. आपल्या वर्णमालेत नेमकं उलट. शिवाय ‘सॉर्ट’ मूळ यादीच बदलून टाकतो. जुना क्रम जपायचा असेल तर ‘सॉर्टेड’ वापरा, तो नवी यादी देतो.