जुना हिशेब नव्या वहीत अडतो तेव्हा

उल्हासनगरच्या गजानन मार्केटातला कापड व्यापारी, अंबरनाथच्या एमआयडीसीतला लहान कारखानदार आणि बदलापूर स्टेशनाजवळचा हार्डवेअरवाला. धंदे वेगळे, पण हिशेबाची वही बहुधा एकच, टॅली. १९८६ साली गोयंका पितापुत्रांनी बंगळूरला सुरू केलेल्या कंपनीचे हे सॉफ्टवेअर. ते एरवी मुकाट चालते. अडते ते बहुतेकदा नवी आवृत्ती घातल्यावर, जुने आकडे तिच्यात चढवताना. पडद्यावरची पट्टी सरकू लागते, मध्येच थांबते आणि अर्धा तास झाला तरी हलत नाही. महिन्याची १८ तारीख असते. २० तारखेला जीएसटीचे ३बी भरायचे असते, आणि उशीर झाला तर दिवसाला ५० रुपये विलंब शुल्क. अशा वेळी मालकाचा हात सरळ मेन स्विचकडे जातो. तो तिथे जाऊ नये, एवढ्यासाठी आजचे हे बोलणे.

आत काय चाललेले असते ते आधी पाहू. पूर्वी पेढीवर दिवाळीला नवी वही निघे आणि मुनीम जुन्या खतावणीतून एकेका खात्याची बाकी तिच्यात ओढत असे. इथे काम त्याहून मोठे आहे. नव्या वहीचे रकानेच बदललेले असतात, म्हणून नुसती बाकी ओढून भागत नाही. प्रत्येक बिल, प्रत्येक पावती नव्या रकान्यांत पुन्हा लिहावी लागते. २००९ साली टॅली ७.२ वरून ईआरपी ९ वर जाताना हे करावे लागले. २०२३ साली टॅलीप्राइमची ३.० ही आवृत्ती आली, तेव्हा जीएसटीचा भाग नव्याने बांधलेला होता आणि एकाच कंपनीत अनेक जीएसटी क्रमांक ठेवण्याची सोय झाली होती. तेव्हाही तेच. दहा वर्षांची बिले एकाच कंपनीत साठवली असतील तर वेळ लागणारच.

म्हणून पहिला प्रश्न असा, की काम थांबले आहे की नुसते हळू चालले आहे? पट्टीवर विश्वास ठेवू नये. 'नॉट रिस्पॉन्डिंग' अशी अक्षरे दिसली म्हणजे काम मेले असे नाही, काम चालू असतानाही ती दिसतात. टास्क मॅनेजर उघडून टॅलीच्या ओळीत डिस्कचे आणि प्रोसेसरचे आकडे पाहावेत. ते हलत असतील तर चहा मागवावा. दोन्ही आकडे बराच वेळ शून्यावर असतील तरच काम अडले समजावे. मधेच वीज गेली तर मात्र वही अर्धी जुनी, अर्धी नवी राहते, म्हणून यूपीएसवर नसलेल्या यंत्रावर हे काम करूच नये. पावसाळ्यात तर नाहीच नाही.

खरेच अडले असेल तर मी आधी तार पाहतो. डेटा पुढच्या टेबलावरच्या संगणकात आणि काम चालले आहे मालकाच्या केबिनमधून, नेटवर्कवरून, हे फार ठिकाणी आढळते. ज्या यंत्रात डेटा आहे त्यावरच बसून आणि बाकी सगळ्यांना टॅलीतून बाहेर काढून काम करावे. दुसरा संशय अँटिव्हायरसवर. लिहिली जाणारी प्रत्येक फाइल तो तपासत बसतो, कधी अडवूनही धरतो. टॅलीच्या डेटाचे फोल्डर त्याच्या तपासणीतून वगळता येते. डिस्कवर जागा आहे का, हेही पाहून घ्यावे. हा प्रश्न साधा आहे, म्हणूनच राहून जातो.

एवढे करूनही पट्टी दर वेळी त्याच जागी थांबत असेल तर एखादी नोंदच बिघडलेली असते. फाळणीनंतर कल्याण कॅम्पात, म्हणजे आजच्या उल्हासनगरात, आलेल्या सिंधी व्यापाऱ्यांची हिशेबाची स्वतःची लिपी होती. खुदाबादी नावाने ती ओळखली जाते. आज ती वाचणारे फार थोडे. तशी जुनी वही आजच्या कारकुनापुढे ठेवली तर तो जिथे अडेल, तसाच संगणक बिघडलेल्या नोंदीपाशी अडतो. त्यासाठी टॅलीप्राइममध्ये 'रिपेअर' आहे. ईआरपी ९ मध्ये त्यालाच 'रिराइट' म्हणत, कंट्रोल-ऑल्ट-आर. पण जी ओळ वाचताच येत नाही ती या दुरुस्तीत गळूही शकते. गळालेली ओळ ही कुणा गिऱ्हाइकाची उधारी असू शकते, आणि ते गिऱ्हाईक आपण होऊन आठवण करून द्यायला येणार नाही.

तेव्हा काम पार पडले की लगेच नवे बिल फाडू नये. आधी 'स्टॅटिस्टिक्स' उघडून विक्री, खरेदी, पावत्या यांची संख्या जुन्या आकड्यांशी ताडून पाहावी. मग तेरीज आणि येणे बाकीची यादी. हे जुने आकडे आवृत्ती बदलण्याआधीच कागदावर छापून ठेवलेले हवेत. नंतर ते मिळवणे कठीण, कारण एकदा नव्या रूपात गेलेला डेटा जुन्या आवृत्तीत उघडत नाही.

आणि बॅकअप. नवी आवृत्ती स्वतःच तो घ्यायला सांगते, घाईत तो प्रश्न ओलांडला जातो. कंपनीच्या क्रमांकाचे अख्खे फोल्डर वेगळे ठेवावे. काम अर्ध्यावर तुटले तर त्या अर्धवट डेटावर पुन्हा प्रयोग करू नयेत, या प्रतीवरून नव्याने सुरुवात करावी. प्रत दुकानातच ठेवणे मात्र काही कामाचे नाही. २६ जुलै २००५ ला उल्हास नदीचे पाणी या पट्ट्यात तळमजल्यांत शिरले. २७ जुलै २०१९ ला तर बदलापूर-वांगणीदरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस पाण्यात अडकली होती. त्या पाण्याला संगणक आणि त्याच्याशेजारच्या खणातला पेनड्राइव्ह सारखेच. एक प्रत घरी, वरच्या मजल्यावर असू द्यावी.

ती प्रत दुसऱ्या फोल्डरात एकदा उघडूनही पाहावी. उघडली, तेरीज जुळली, की मग नवी आवृत्ती घालायला बसावे. शक्यतो २१ तारखेनंतर.