सैल खीळ आणि दुसरा ठोका



वसंतातल्या या व्यासपीठावर आपण संतवाङ्मय, इतिहास, अर्थकारण असे भारदस्त विषय ऐकता. मी आज बोटाच्या पेराएवढ्या एका लोखंडी खिळीवर बोलणार आहे. माझे शिक्षण शाळेत थोडे, कारखान्यात आणि वाचनालयात पुष्कळ झाले. तेव्हा जे हाताळले त्यावरच बोलणे बरे.

बैलगाडीचे चाक निसटू नये म्हणून आसाच्या टोकाशी खीळ असते. गाडी बैल ओढतात, भार आस पेलतो, आणि खीळ काहीच करीत नाही. ती फक्त आपल्या जागी राहते. पण ती गळाली की चाक एकीकडे आणि गाडी दुसरीकडे. दशरथाच्या रथाला कैकेयीने आपला हात लावल्याची कथा आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. तेवढ्यासाठी तिला दोन वर मिळाले; यावरून खिळीची किंमत ओळखावी.

यंत्रात हिलाच कारागीर पिन म्हणतात. तिचे काम किती नाजूक असते, हे अर्धस्वयंचलित रायफलीत उत्तम दिसते. बंगालमधील ईशापूरच्या कारखान्यात बनलेली ७.६२ मिलिमीटरची सेल्फ लोडिंग रायफल आपल्या सैन्याने आणि पोलिसांनी अनेक वर्षे वापरली. बंदोबस्तावरच्या जवानाच्या खांद्यावर आपण ती पाहिली असेल. माझ्या शेजारी राहणाऱ्या एका निवृत्त आर्मोररांनी मला तिची रचना समजावून सांगितली. चाप ओढला की घोडा सुटतो, तो सुईवर आपटतो, सुई काडतुसाच्या बुडावर बसते आणि गोळी सुटते. गोळीमागचा थोडा वायू बाजूला घेतला जातो. तो दट्ट्याला मागे ढकलतो, रिकामे काडतूस बाहेर पडते आणि स्प्रिंगच्या जोराने नवे आत जाते. एवढे सारे आपोआप होते, पण दुसरी गोळी आपोआप सुटत नाही. घोडा खटक्यात अडकून राहतो. चाप सोडून पुन्हा ओढावा, तेव्हाच पुढची गोळी. एक चाप, एक गोळी, असा हा करार आहे.

आणि हा करार पाळला जातो तो खिळींच्या जोरावर. घोडा आणि चाप खिळींवर फिरतात. सुई मागे निसटू नये म्हणून तिच्या आडवी एक लहानशी खीळ असते. खीळ सैल झाली की खटक्याची धार घोड्याला पुरती धरीत नाही. मग रायफल ऐन वेळी मुकी राहील, किंवा न मागता दुसरी गोळी सोडील.

खीळ सैल का होते? हजारो हादऱ्यांनी ती झिजते. वारंवार काढल्याघातल्याने भोक लांबट होते. किंवा कोणी पूर्वी चुकीच्या मापाची खीळ ठोकलेली असते. दुरुस्तीची रीत ऐका. ही घरी करून पाहण्यासाठी नव्हे. १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणे शस्त्रदुरुस्तीलाही परवाना लागतो. आर्मोरर प्रथम मॅगझिन काढतो आणि नळीत काडतूस नाही याची डोळ्यांनी व बोटाने खात्री करतो. मग भोकाहून किंचित बारीक पंचाने खीळ काढतो आणि मोजतो. कारण दोष खिळीत आहे की भोकात, हे मोजल्याशिवाय कळत नाही. खीळ झिजली असेल तर त्याच मापाची, त्याच पोलादाची नवी. भोक लांबट झाले असेल तर नवी खीळही लवकरच डुलू लागेल. तेथे भोक रीमरने गोल करून जाड खीळ बसवावी लागते, नाहीतर तो भागच बदलावा लागतो. भोकाची कड ठोकून आवळणे ही तात्पुरती मलमपट्टी. वेल्डिंगने तर पोलादाचे पाणीच उतरते. शेवटी परीक्षा: रिकाम्या रायफलीचा चाप दाबून धरायचा आणि यंत्रणा मागे खेचून सोडायची. घोडा पडता कामा नये. चाप सोडून पुन्हा ओढल्यावरच तो पडला पाहिजे.

आता रायफल बाजूला ठेवू आणि आपल्या वाळूजला जाऊ. १९८५ साली तेथे बजाजचा कारखाना सुरू झाला आणि भोवती सुटे भाग करणारी अनेक लहान वर्कशॉपे उभी राहिली. तशाच एका वर्कशॉपात मी फिटर होतो. पॉवर प्रेसचाही करार तोच: एक पायडल, एक ठोका. जडचाक सतत फिरत असते. पायडल दाबले की क्लचची चावी त्यात अडकते, ठोका पडतो, आणि एक फेरा झाला की खटका चावीला पुन्हा सोडवतो. तो खटका एका खिळीवर डुलतो.

एका रात्रपाळीत ती खीळ गळून पडली. स्टोअरला कुलूप होते, सकाळी माल जायचा होता. सुपरवायझर म्हणाले, “काहीतरी करा, सकाळी बघू.” मी एक खिळा कापला आणि ठोकून बसवला. प्रेस चालू झाला. मला शाबासकीही मिळाली. कच्च्या लोखंडाचा तो खिळा पहाटेपर्यंत वाकला, खटका घसरला, आणि हेल्परचा हात पत्रा उचलायला आत असताना दुसरा ठोका पडला. त्या पोराची दोन बोटे गेली.

चौकशीत पहिला प्रश्न आला तो असा: “हात आत घातलाच का?” त्यावर मी वाकलेला खिळा टेबलावर ठेवला आणि तो मीच बसवला हे सांगितले. हे सांगायला मला दोन दिवस लागले, हेही येथे सांगितले पाहिजे. भरपाई मिळाली; बोटे मिळाली नाहीत. त्यानंतर मी युनियनच्या कामाला लागलो.

हे आपल्याकडेच होते असे नाही. १६ फेब्रुवारी २००० रोजी अमेरिकेत सॅक्रामेंटोजवळ एमरी कंपनीचे मालवाहू विमान कोसळले आणि आतले तिघेही मरण पावले. शेपटीच्या नियंत्रणातील एक बोल्ट नीट बांधलेला नव्हता व नीट तपासलेलाही नव्हता, असे चौकशीत निघाले. अशा बोल्टाचा नट फिरू नये म्हणून त्यात दुपाखी पिन घालतात. काही पैशांची वस्तू ती!

१९४८ च्या कारखाने कायद्याने यंत्राच्या धोक्याच्या भागांना मजबूत आडोसा घालणे मालकावर बंधनकारक केले होते. पण आडोशाआडची खीळ तपासकाला दिसत नाही. ती फिटरलाच दिसते. म्हणून युनियनच्या मागणीपत्रात पगारवाढीच्या जोडीला मी दोन साध्या गोष्टी घालीत आलो: रात्रपाळीत स्टोअरची किल्ली शेडमध्ये असावी, आणि खीळ नसेल तर प्रेसवर ‘बंद’ची पाटी लावण्याचा अधिकार फिटरला असावा. पहिली गोष्ट लवकर मान्य होते. दुसरीवर फार वाद होतो.

आपल्यापैकी कोणी मालक असतील, कोणी अभियंते, कोणी कारकून. रात्री यंत्र बंद पडल्याचा निरोप आला, तर किती नग बुडाले हे विचारण्याआधी काय सैल झाले ते विचारा, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.