पैशाला लगाम, जातीला मोकळे रान!

निवडणूक आली की आपल्याकडे पैशाचा पूर येतो. २०२४ साली मोठ्या राज्यांत लोकसभेच्या उमेदवाराला ९५ लाख रुपयांची खर्चमर्यादा होती. पक्षाच्या खर्चाला मात्र मर्यादाच नाही! म्हणजे दाराला कुलूप लावायचे आणि मागची भिंत पाडून ठेवायची. मग धनदांडग्यांच्या पक्षापुढे वर्गणीवर चालणारी चळवळ टिकणार कशी?

ज्या इंग्रजांकडून ही संसदीय पद्धत आपल्याकडे आली, त्यांनी काय केले? उमेदवाराच्या खर्चाला त्यांनी १८८३ च्या कायद्यानेच आळा घातला. २००० च्या कायद्याने पक्षांनाही मर्यादा आली. लढविलेल्या प्रत्येक जागेमागे ३० हजार पौंड ही मर्यादा २०२३ मध्ये ५४,०१० पौंड झाली. टीव्ही-रेडिओवर पैसे मोजून राजकीय जाहिरात करण्यास तेथे बंदी आहे. पात्र पक्षांना प्रक्षेपणाचा वेळ फुकट मिळतो. उमेदवाराचे एक प्रचारपत्रक टपालाने मतदारांपर्यंत मोफत जाते. म्हणून तेथे आजही कार्यकर्ता यादी घेऊन दारोदार फिरतो.

पण पैशाला लगाम घातला म्हणजे द्वेषाला लगाम बसतो, असे नाही. १९६४ च्या निवडणुकीत देशभर वारे मजूर पक्षाच्या बाजूने होते. तरीही स्मेथविकमध्ये त्या पक्षाचे नेते पॅट्रिक गॉर्डन वॉकर पडले. तेथे काळ्या शेजाऱ्यांची भीती घालणारी गलिच्छ घोषणा फिरली होती. विजयी हुजूर उमेदवार पीटर ग्रिफिथ्स यांनी तिचा निषेध करण्यास नकार दिला. असल्या प्रचाराला लाखो पौंड लागत नाहीत. शेजाऱ्याविषयीचा द्वेष पुरतो. १९६५ च्या फेब्रुवारीत माल्कम एक्स स्वतः स्मेथविकला गेले. त्याच वर्षी ब्रिटनमध्ये वंशभेदविरोधी पहिला कायदा झाला.

आता जातीचे पाहा. आपली माणसे इंग्लंडला गेली, जात त्यांच्या आधी विमानातून उतरली! तेथील दलित संघटनांच्या लढ्यामुळे २०१३ साली संसदेने जातिभेदाला समता कायद्यात आणण्याचे बंधन सरकारवर घातले. काही हिंदू संघटनांनी कडाडून विरोध केला. सरकारने २०१७ मध्ये जनमत मागविले आणि जुलै २०१८ मध्ये न्यायालयीन निकाल पुरेसा असल्याचे सांगून हात झटकले. पुढे २०१९ च्या निवडणुकीत काश्मीरच्या नावाने हिंदू मतदारांना मजूर पक्षाविरुद्ध उठविणारे संदेश व्हॉट्सॲपवर फिरले. संघटित मताची भाषा राज्यकर्त्यांना लवकर कळते. दलितांची संख्या कमी, म्हणून त्यांचा प्रश्न अडगळीत!

२५ नोव्हेंबर १९४९ रोजी बाबासाहेबांनी संविधान सभेत बजावले होते, की राजकारणात समता आणि समाजात विषमता ही विसंगती लवकर दूर करावी लागेल. बाबासाहेब ज्या लंडनमध्ये शिकले, तेथेही ही विसंगती आज उभी आहे.

म्हणून आपण दोन गोष्टी घ्याव्यात. पक्षांच्या खर्चाला मर्यादा घाला, ही मागणी चळवळीने रेटावी. आणि मत मागायला येणाऱ्याला, तो नागपुरात येवो की बर्मिंगहॅममध्ये, दारातच विचारावे : जातीच्या प्रश्नावर तुमची भूमिका काय? उत्तर मिळाल्याशिवाय मत नाही. एवढे ठरविले तरी प्रचाराची दिशा बदलेल.